राघूंची दरड

सुर्ला,
११ फेब्रुवारी २०२४

वहिनी,

नमस्कार करते, पण वाकून नाही. कंबर दुखते म्हणून नव्हे, रागात आहे म्हणून.

फोनच केला असता. पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्यावर तू रागावतेस. शिवाय माझ्याकडे सतीश बाजूला बसून ऐकत असतो. आपली आई कुणाशी भांडते हे ऐकायला माझ्या लेकाला फार आवडतं. म्हणून लिहिते. कागदावर तरी तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

गोकुळदादाच्या वर्षश्राद्धाला मी मांद्र्याला आले ती भांडायला आले नव्हते. माझा एकुलता एक भाऊ. सकाळपासून तुझ्या हाताखाली नारळ खवले, वडे तळले, तोंडातून ब्र काढला नाही. मग पान वाढून मागल्या दारच्या कठड्यावर ठेवलं आणि सगळे हात जोडून उभे राहिलो. कावळा येईना. भटजी घड्याळ बघायला लागले. माडावर दोन कावळे बसलेले मी या डोळ्यांनी बघितले गो, पण खाली उतरायचं नाव नाही. तू काय काय कबूल केलंस! चुलत दिरांशी भांडण मिटवीन, कुळागरातली सुपारी वेळेवर उतरवीन. कशालाच कावळा दाद देईना, तेव्हा रडत म्हणालीस, "तुमच्या मांजरांना कधी उपाशी ठेवणार नाही."

आणि त्याच कठड्याखाली तुझी पाच-सहा मांजरं बसली होती! एक डोळा पानावर, एक डोळा कावळ्यावर. वहिनी, कावळा दादाच्या इच्छेपायी अडला नव्हता, मांजरांना भिऊन अडला होता. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पानाला लावला आणि आपण जेवलो. तेव्हा मी बोलले. सगळ्यांसमोर बोलले, ते चुकलं असेल. पण आपण जेवत असताना तुझं ते फिरंगी मांजर खंड्या मारून घेऊन आलं आणि तुझ्या पायाशी टाकलं. केवढा निळा खंड्या! तू म्हणालीस, "बघा, भेट आणली." कौतुकानं म्हणालीस. माझं डोकंच फिरलं.

तुला वाटत असेल, शालनला म्हातारपणी पाखरांचं खूळ लागलं. तर ऐक. आमच्या घरामागे खाणीची जुनी मातीची दरड आहे. ट्रक धावायचे तेव्हा तिथं धुळीशिवाय काही नव्हतं. वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळी तांबडं व्हायचं. खाण बंद पडली, धूळ बसली, आणि एका फेब्रुवारीत वेडे राघू आले. हिरवे, चिमणीएवढे, शेपटीतून एक बारीक काडी निघालेली. चोचीनं माती उकरतात, पायांनी मागं फेकतात, हातभर खोल बीळ करून आत अंडी घालतात. दर वर्षी येतात. हे गेल्यापासून मी दुपारचा चहा मागल्या दारी घेते, तो त्यांच्यासोबत.

आता खाण पुन्हा चालू होतेय. कंपनीचा साहेब येऊन गेला. ट्रकांचा रस्ता याच दरडीतून काढायचा म्हणाला. मी वाट अडवून उभी राहिले. माणूस वाईट नाही. राघूंची उकराउकर बघत राहिला, मग म्हणाला, "काकी, पाखरं घरटी करतात तोवर दरडीला हात लावत नाही. रस्ता लांबून वळवू. पण पाखरं नसली, तर माझा इलाज नाही." सतीशला रस्ता इथूनच हवा आहे. त्याचा ट्रक दाराशी उभा राहून गंजतो. लांबच्या रस्त्यावर आधी पलीकडच्या वाड्याच्या गाड्या लागणार. "पाखरांनी पोट भरतं काय?" असं मला विचारतो.

म्हणून मला एका पाखराचं मोल कळतं. मांजरांचं ऑपरेशन करून घे. त्यांना घरात ठेव, जाळी लाव. एवढंच मागते.

तुझी,
शालन


मांद्रे,
२१ फेब्रुवारी २०२४

शालनबाय,

अनेक आशीर्वाद. तू वाकली नाहीस तरी देते, वहिनी आहे मी.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचताना चष्मा काढून फेकला होता.

माझ्या ओट्यावर येऊन, माझ्या हातचं जेवून, माझ्याच मांजरांना नावं ठेवायची हा कुठला न्याय? ही मांजरं मी पाळली नाहीत. ती माझ्या दारात टाकलेली आहेत. आमच्याकडे किनाऱ्यावर काय चालतं तुला काय ठाऊक? ऑक्टोबरात वाळूत खाण्यापिण्याचे शॅक लागले की शॅकवाले दोन पिल्लं आणून ठेवतात, उंदीर येऊ नयेत म्हणून. गिऱ्हाईकं त्यांना तळलेली सुंगटं भरवतात, फोटो काढतात. मे महिन्यात शॅक मोडला की बांबू घरी जातात, खुर्च्या घरी जातात, मांजर मात्र वाळूत राहतं. फिरंगीला तर एका रशियन बाईनं खोलीच्या चावीबरोबर माझ्या हातात दिलं आणि विमानानं गेली. तुझ्या भावानं या सगळ्यांना घरात घेतलं. रोज सकाळी पाववाला पोदेर यायचा तेव्हा दहा मांजरं त्याच्या पायात घोटाळायची आणि तुझा भाऊ लहान मुलासारखा हसायचा. ते हसणं माझ्या घरात उरलेलं नाही. मांजरं उरली आहेत.

आणि पाखरांबद्दल तू बोलतेस? तू? सुर्ल्याची? तुझ्या नवऱ्याचे ट्रक वीस वर्षं खनिज वाहत होते. अख्खा डोंगर खाल्लात तुम्ही, झाडांसकट, झऱ्यांसकट, आणि ढेकर दिलात. त्या डोंगरावर पाखरं नव्हती? माझ्या मांजरानं एक खंड्या खाल्ला तर तुझ्या पोटात कळ आली. सौ चूहे खाके म्हणतात ते मांजराला नाही, तुला लागू आहे!

जाळी लाव म्हणे. मांजराला कोंडून ठेवायला ते काय पोपट आहे? आणि ऑपरेशन? आमच्याकडे मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं. त्याला कापलं तर काय द्यायचं ते भटजींनाही माहीत नसेल.

एक गोष्ट मात्र लागली. कावळ्याची. शालन, त्या दिवसापासून मला धड झोप नाही. तुझा भाऊ माझ्यावर रुसून गेलाय, त्याचं काहीतरी राहिलंय आणि ते काय ते मला कळत नाही, असं मी मनाशी धरून बसलेय. देवाला विचारून आले. आणि तू खुशाल लिहितेस की मांजरांना भिऊन! थट्टा करायची ही जागा नव्हे.

मांजरं इथंच राहतील. मी त्याला शब्द दिलाय.

विनोदिनी


सुर्ला,
४ मार्च २०२४

वहिनी,

होय, आम्ही डोंगर खाल्ला. त्यावर मुलं शिकली, हे घर उभं राहिलं. नाकारते कुठं? तू मला लाजवायला लिहिलंस, पण मी लाजून गप्प बसणाऱ्यातली नाही. ज्यानं डोंगर खाल्ला त्यानं उरलेल्या दरडीबद्दल बोलू नये, असं कोणत्या पोथीत लिहिलंय? उलट मीच बोलणार. मला माहीत आहे की गेलेलं परत येत नाही. तुला ते अजून माहीत नाही.

तू म्हणशील मांजर भुकेनं पाखरू मारतं. तसं नाही गो. आमच्या शेजारच्या योगिताचं मांजर ताटलीभर तारले मासे खाऊन उठतं आणि तोंड पुसून शिकारीला जातं. खेळायला मारतं. मारतं आणि टाकतं. त्यात त्याचा दोष नाही, त्याचा जन्मच तसा. दोष ताटली भरणाऱ्याचा, जो भरून झाल्यावर दार उघडं ठेवतो.

आता कावळ्याचं. मी थट्टा केली नाही. माझ्या भावाच्या पानाची थट्टा मी करीन? तुझा विश्वास बसत नाही ना? मग एक कर. एक दिवस सगळ्या मांजरांना सुपारीच्या खोलीत कोंड. दार लाव, जनेल लाव. म्याव म्याव करतील, करू देत. मग त्याच कठड्यावर भाकरीचा तुकडा ठेव आणि तू घरात जा. कावळा नाही आला तर मी मांद्र्याला येऊन तुझ्या फिरंगीच्या पाया पडते. वाकून.

आमच्याकडे राघूंची बिळं पुरी झाली. दुपारी दरडीसमोर उभं राहिलं की आतून बारीक कुरकुर ऐकू येते. साहेब परवा मोटारीतून उतरून बघून गेला. मान हलवली आणि गेला.

शालन


मांद्रे,
१७ मार्च २०२४

शालनबाय,

तू जिंकलीस. घे, लिहून देते, पुन्हा कधी देणार नाही.

मांजरं कोंडली. किती ओरबाडलं मला ते विचारू नकोस. कठड्यावर भाकरी ठेवली, वर थोडा गूळ ठेवला, आणि आत जाऊन कदेलवर बसले. पदर अजून सावरत होते तोवर कावळा आला. एक आला, दुसरा आला, मग चार आले आणि भांडायला लागले. एक तर भाकरी घेऊन माझ्या जनेलावर येऊन बसला आणि माझ्याकडे बघून ओरडला.

मी हसले की रडले मला सांगता येत नाही. एवढे दिवस गो! एवढे दिवस मी त्या माणसाची माफी मागत होते. जेवणात मीठ कमी पडलं असेल का, दवाखान्यात न्यायला उशीर झाला का, कसला कसला विचार केला. तो रुसलाच नव्हता. त्याला कुणी येऊच दिलं नव्हतं.

मग मला असला राग आला की काय सांगू. उठले आणि खोलीचं दार उघडण्याआधी ओंकारला हाक मारली. ओंकार म्हणजे आमच्या वाड्यावरचा, रोज टेंपोनं डिचोलीच्या बाजाराला मासे नेतो तो. म्हटलं, ही सगळी गोणत्यात भर आणि घेऊन जा. फिरंगीला तेवढं ठेवलं, माझ्या पायाशी कुणीतरी हवं. ओंकार म्हणाला, "काकी, वाटेत खाडीपलीकडे सोडतो, तिथं सगळेच सोडतात." मी म्हटलं, नाही. उपाशी ठेवणार नाही असा शब्द दिलाय मी. डिचोलीच्या मासळी बाजारात सोड. तिथं माशांची डोकी, आतडी, काय वाटेल ते मिळेल. राजासारखी राहतील.

गोणत्यातून बघत होती माझ्याकडे. पंच तर ओरडतही नव्हता. पंच आठवतो ना तुला, अर्ध्या कानाचा, सगळ्यांच्या भांडणात मध्ये बसणारा?

तर झालं तुझ्या मनासारखं. शब्दही पाळला आणि ओटाही रिकामा झाला. कावळे रोज येतात. आता तरी वाकून नमस्कार कर.

विनोदिनी


सुर्ला,
१० एप्रिल २०२४

वहिनी,

हे पत्र बसून वाच.

तुझी मांजरं माझ्या दरडीवर आहेत.

आधी एक दिसलं. म्हटलं असेल कुणाचं. मग तीन दिसली, मग किती ते मोजायचं मी सोडून दिलं. परवा दरडीच्या माथ्यावर अर्ध्या कानाचा बोका बसलेला बघितला. हाक मारली, "पंच!" त्यानं मान वळवली.

सतीशनं ओंकारला गाठून विचारलं. बाजारात कोळणींनी त्याला मुळी टेंपोतून उतरू दिलं नाही. आमचीच आम्हाला भारी झाली आहेत म्हणाल्या. मग तो गोणती रिकामी करायला सुर्ल्याकडे वळला आणि माणूस नाही, घर नाही अशी जागा बघून बंद खाणीच्या कडेला सोडून मोकळा झाला. त्याच्या मते त्यानं पुण्यच केलं. कुणी मारणार नाही अशी जागा बघितली ना त्यानं!

राघूंचं काय झालं ते सांगते, कारण तुला ते कळलंच पाहिजे. मांजर बिळाच्या वर दबा धरून बसतं. राघू चोचीत माशी घेऊन पिल्लांकडे येतो, बिळाच्या तोंडाशी क्षणभर थांबतो. तेवढा क्षण पुरे होतो. खालची बिळं तर पंजानं उकरूनच काढली. सकाळी गेले तर दरडीच्या पायथ्याशी हिरवी पिसं पडली होती आणि एका बिळातून पिल्लं ओरडत होती. त्यांना भरवायला कुणी उरलं नव्हतं. मी तिथं उभी राहिले आणि काही करू शकले नाही. दुपारी ओरडणं थांबलं. उरलेले राघू तारेवर बसून होते, दुसऱ्या दिवशी तेही उठून गेले.

शेजारचा राजेश म्हणतो, पावाला विष लावून ठेवूया, एका रात्रीत साफ. बाकीचे म्हणतात, गोणत्यात भरून पलीकडच्या गावात सोडूया. बघितलंस? मांद्र्यानं सुर्ल्याला दिली, सुर्ला मयेला देणार, मये आणखी कुणाला. पाप कुणालाच नको, मांजर कुणालाच नको, आणि शेवटी मरतं पाखरू!

मी कुणाला विष घालू देणार नाही आणि कुणाला सोडूही देणार नाही. पण मला एकटीला ती धरता येत नाहीत. माझ्या हाकेला मान वळवतात आणि पळतात.

तुला वाईट वाटावं म्हणून हे लिहिलेलं नाही. तुला वाईट वाटावंच, पण त्यासाठी लिहिलेलं नाही.

शालन


मांद्रे,
१३ एप्रिल २०२४

शालन,

पोस्टाला उशीर लागतो, म्हणून ही चिठ्ठी ओंकारच्या हाती पाठवते. उद्या पहाटे मी येते. बांगडे घेऊन येते, आणि ओंकारला कानाला धरून, टेंपोसकट.

राजेशला सांग, त्यानं विषाचा पाव ठेवला तर पहिला घास मी घेईन. आणि मी तसं करीन हे त्याला पटवून दे.

ती माझ्या हाकेला येतात. मीच हाक मारली पाहिजे.

वहिनी


मांद्रे,
२२ जून २०२४

शालनबाय,

तुझ्याकडून परतल्यापासून बसायला फुरसत नाही, म्हणून उशीर. आणि तू तरी कुठं लिहिलंस?

तुमच्या गावानं आपल्याला वेडं ठरवलं ते ठरवू दे. दोन म्हाताऱ्या खाणीच्या मातीत बसून "पंच, ये रे, सुकटे, ये गो" करत होत्या, त्याला कुणीही हसेल. मीच लांबून बघितलं असतं तर मीही हसले असते. पण राजेशचं तोंड कसं झालं होतं ते आठव! पाव घेऊन आला, मी म्हटलं, आण इकडे, सकाळपासून पोटात काही नाही. जो पळाला तो पुन्हा दिसला नाही.

सगळी धरली, एक सोडून. ती सुकटी नाहीच सापडली. ती तुझ्याकडेच आहे कुठंतरी, लक्ष ठेव.

बाकीच्यांची ऑपरेशनं झाली. डॉक्टर पोरगी आहे, जानकी नावाची, हसतमुख. म्हटलं, बाय, याचं पाप किती? ती म्हणाली, "आजी, सगळं माझ्या नावावर टाका." मग आम्ही दोघी हसलो. ओंकारकडून जुनी मासेमारीची जाळी आणवली आणि मागल्या पडवीला तिन्ही बाजूंनी ठोकून घेतली. वर पत्रा, आत माडाचे ओंडके चढायला. पंच दोन दिवस मला शिव्या देत होता. आता ओंडक्यावर झोपतो आणि जाळीतून कावळ्यांकडे बघून दात कडकडवतो. कावळ्यांना कळलंय. मुद्दाम पुढ्यात येऊन नाचतात. उपाशी कुणी नाही. शब्द पाळायचा म्हणजे दार उघडं टाकायचं असा अर्थ मी लावला होता, तो माझा मूर्खपणा.

खरी मजा मेअखेरीस झाली. शॅक मोडायला लागले आणि एका सकाळी माझ्या पायरीवर खोका. आत चार पिल्लं. विनोदिनीबाई घेतात, हे सगळ्या किनाऱ्याला माहीत झालंय ना. खोका पाण्याच्या बाटल्यांचा, वर शॅकचं नाव लिहिलेलं. मी खोका डोक्यावर घेतला आणि भर दुपारी त्या माणसाच्या घरी गेले. जेवायला बसला होता. त्याच्या ताटाशेजारी खोका ठेवला. म्हटलं, "बांबू घरी आणलेस, खुर्च्या आणल्यास, ही विसरलास." तो म्हणाला, काकी, मांजरच आहे, जगेल कुठंही. मी म्हटलं, "जगेल रे. काय खाऊन जगेल ते तुला बघायचंय? चल, सुर्ल्याला नेते." त्याची बायको बाहेर आली, तिनं खोका आत घेतला. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत उभी राहिले आणि सांगितलं, ज्यानं मांजर आणलं त्यानंच पावसाळ्यात सांभाळायचं, नाहीतर मी दर वर्षी खोके पोचवीन. एक म्हणाला, म्हातारीला मांजरांचा राग आलाय. मी म्हटलं, मला मांजरांचा राग नाही, तुझा आलाय. आता लोक मला बघून रस्ता बदलतात. बदलू देत, रस्ता रुंद आहे.

पण एक विचारते. दरडीचं तू काही सांगत नाहीस. त्या दिवशी निघताना मी तुझ्याकडे बघितलं, तू दरडीकडे बघत होतीस. तुझे राघू माझ्या मांजरांनी खाल्ले. कुणीही ओट्यावर आलं की मी हे सांगते, लपवत नाही. पण तुला सांगताना माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. आता लिहिते. मला फार वाईट वाटतं गो, शालन.

साहेब आला होता का?

तुझी,
वहिनी


सुर्ला,
६ मार्च २०२५

वहिनी,

इतके महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं आणि रडगाणं गायची मला सवय नाही. सुकटी सापडली दिवाळीला. माझ्याच लाकडांच्या खोपीत व्याली होती. तिचं आणि पिल्लांचं सगळं जानकी डॉक्टरकडून करून आणलं. आता माझ्या मागल्या खोलीत पाच मांजरं आहेत आणि त्या खोलीला जाळी आहे. हस, हस.

फेब्रुवारी उजाडला तशी मी रोज दरडीसमोर बसायला लागले. एक दिवस दोन राघू आले. तारेवर बसले, दरडीकडे बघितलं, उडून गेले. नंतर कुणी नाही. महिना संपला. सतीश येता-जाता माझ्याकडे बघायचा. त्याच्या ट्रकला नवे टायर लागलेत. रस्ता इथूनच निघणार असं त्यानं धरलेलं होतं आणि खरं सांगायचं तर मीही धरलं होतं.

काल साहेब आला. यंत्र घेऊन आला, सोबत माणसं, हातात चुन्याची पिशवी. यंत्राचा आवाज ऐकून मी चहा टाकून धावले आणि दरडीला पाठ लावून उभी राहिले.

साहेब म्हणाला, "काकी, आपलं बोलणं काय झालं होतं? पाखरं असली तर."

मी म्हटलं, "आहेत."

"दिसत नाहीत."

"आत आहेत. अंड्यांवर बसलेत."

वहिनी, मी जन्मात एवढं सरळ तोंड करून खोटं बोलले नव्हते. साहेबानं तारेकडे बघितलं, बिळांकडे बघितलं. बिळांच्या तोंडाशी कोळ्यांनी जाळी विणलेली, आंधळ्यालाही दिसली असती. मग त्यानं मागं वळून सतीशला हाक मारली. सतीश ट्रकला टेकून उभा होता. साहेबाला ठाऊक होतं की या रस्त्याची गरज सतीशएवढी कुणाला नाही. या पोराला पाखरांशी काही देणंघेणं नाही, तो खरं तेच सांगणार, असा त्याचा हिशेब.

"सतीश, तू सांग. आहेत पाखरं?"

मी सतीशकडे बघितलंच नाही. मी जमिनीकडे बघत होते. त्यानं माझी बाजू घ्यावी असं कोणत्या तोंडानं म्हणू? त्याच्या बापाच्या हयातीत डोंगर होता, त्याच्या वाट्याला उभा ट्रक आला.

ट्रकची टेकण सोडून तो पुढं आला. मग म्हणाला, "आसात, साहेब. काल सांजेर हांवें पळयल्यात. जोडी आसा." काल संध्याकाळी यानं जोडी बघितली म्हणे! आणि वर म्हणतो, "मादी भितर आसा, यंत्र बंद करात."

साहेबानं यंत्र बंद करायला लावलं. सतीशकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटतं त्याला सगळं कळलं. "यंदा राहू दे," म्हणाला आणि चुन्याची पिशवी गाडीत टाकायला सांगून गेला.

संध्याकाळी सतीश जेवायला बसला. मी वाढत होते, तो खाली मान घालून जेवत होता. शेवटी म्हणाला, "आई, पुढल्या वर्षी खरेच यायला हवेत हां. मी पुन्हा खोटं बोलणार नाही." मी म्हटलं, येतील. म्हणाला, "कशावरून?" मी म्हटलं, माझ्याकडे पुरावा नाही, भात घे. आज सकाळी बघते तर फावडं घेऊन दरडीवर. पायथा सरळ उभा तासत होता, मांजराला चढता येऊ नये म्हणून. जुनी उकरलेली बिळं बुजवली, वरची माती मऊ करून ठेवली.

दरड रिकामी आहे, वहिनी. तुला माहीत आहे, मला माहीत आहे, सतीशला माहीत आहे. पण ती जागेवर आहे. ती कापली असती तर राघू कुठं आले असते? मी रोज बसते. यंदा नाही आले तर पुढल्या वर्षी बसेन.

हे पत्र वाचलंस की चुलीत घाल. साहेबाचा चुलतभाऊ मांद्र्याला असतो.

वाकून नमस्कार,
शालन


मांद्रे,
१२ मार्च २०२५

शालनबाय,

पत्र चुलीत घातलं.

साहेब पुन्हा विचारायला आला, तर माझं नाव सांग. मांद्र्याची वहिनी परवा येऊन गेली म्हणावं, तिनंही बघितले. एक नव्हे, दोन जोड्या.

वहिनी